चौथी खाच

वडलांची निवा गेल्या मंगळवारी आपणहून निघाली.
फार नाही, बारा-तेरा हात उतार,
मग ओथारीच्या कुंपणाला पाठ टेकून थांबली,
ओशाळल्यासारखी.
दोन खांब गेले, द्राक्षाचा एक वेल,
आणि एक कोंबडी, जी वाचली, पण अंडी देईना.

"दगड लावायचा राहिला," वडील म्हणाले.

दगड नदीतला, पावाएवढा,
मँगनीजच्या धुळीने काळा,
अकरा वर्षं मागच्या चाकाखाली नेमाने लागलेला.
हँडब्रेक होता की. टक् टक् करत नवव्या खाचेपर्यंत यायचा,
उत्तर येत नसून
हात वर करणाऱ्या पोरासारखा.

मी बारीहून तीन आठवडे आले होते.
तिथे एका म्हातारीला उठवते, बसवते, निजवते.
तिच्या खुर्चीचे ब्रेक दिवसातून वीसदा लावते,
दोन्ही बाजूंचे,
आणि हलवून बघते.
हाताला लागते ती सवय.
या गावात तर सपाट असं काही नाही;
टेबलावर ठेवलेलं सफरचंदही
आधी विचार करतं, मग घरंगळतं.

"पाना दे," म्हटलं, "तेराचा."
त्यांनी बाराचा दिला. मग चौदाचा.
मग चष्मा शोधायला घरात गेले.

तीस वर्षं रोपवेवर होते नुग्झारी, माझे वडील.
तारेवरची कसरत लोक नुसती म्हणतात,
यांनी ती पगारावर केली.
दरीवर लोंबकळणाऱ्या पत्र्याच्या पाळण्यात उभे राहून
तारेचा आवाज ऐकायचे,
आणि आईला सांगायचे, आज ती कुरकुरतेय.
त्या माणसाच्या दारात
एक केबल अकरा वर्षं सैल.
मी विचारलं नाही का.
आई गेल्याला अकरा वर्षं झाली, ते मलाही माहीत होतं.

गाडीखाली गेले. पाठीला खडे,
तोंडावर गंजाचा भुगा.
नटाला तेल पाजलं, थांबले, पुन्हा पाजलं.
"आधी ड्रम," वरून आवाज.
फक्त बूट दिसत होते, एकाची नाडी सुटलेली.
"आतले शूज झिजलेत, ते आधी जवळ आण.
नुसती केबल ओढशील तर स्वतःलाच फसवशील."
मग नट. अर्धा फेरा. पाव.
"बस. तुटेल इतकं ताणू नये.
आता खाली कर. फिरव चाक."
फिरवलं. कुठेतरी खस्स.
"पाव फेरा मागे."
पुन्हा फिरवलं. काहीच नाही,
फक्त बेअरिंगची हलकीशी झोप.
"आता बांध," म्हणाले, आणि दुसरा नट मी पहिल्यावर आवळला.

उतारावर नेली, चर्चच्या वळणाशी, जिथे सगळ्यात तिरकं.
एक, दोन, तीन,
चौथ्या खाचेला लिव्हर हातात घट्ट झाला,
ओळखीच्या माणसाने मनगट धरावं तसा.
गिअर न्यूट्रलला. पाय पेडलवरून काढला.
कोणी बोललं नाही.
वडील खिडकीतून मान बाहेर काढून ऐकत राहिले,
कुरकुरतेय का.
ओथारी फाटकाशी उभा, हातात नवा खांब,
रोवावा की नाही या विचारात.

निवा हलली नाही.
ओथारीने खांब रोवला तरीही.

रविवारी माझं विमान.
शनिवारी रात्री तहान लागून उठले,
तर अंगणात टॉर्चचा उजेड.
वडील वाकून दगड ठेवत होते.
एकदा ठेवला, पाहिला, किंचित मागे सरकवला,
आणि मध्ये तर्जनी घालून मापलं:
चाकाला लागायला नको,
बोटभर जागा हवी.

मी आत येऊन पाणी प्यायले, आवाज न करता.